विरोधाखालचा मजकूर

९ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. वाईट बातमी नाही, चांगलीही नाही. कामाचं पत्र आहे. फोनच केला असता, पण तुझा खंड्या घर सोडून गेल्यापासून तू फोन उचलतेस आणि लगेच म्हणतेस, "आटप, त्याचा फोन आला तर लागायला हवा." एकावर बोलताना दुसरा येतोय हे कळतं, असं तुला किती वेळा सांगितलं. तुला ते पटत नाही. मग मला काय बोलायचं होतं तेच मी विसरतो.

आमच्या मोकळीक मंचाचं काम तुला ठाऊक आहे. तू त्याला 'नाही म्हणणाऱ्यांची कचेरी' म्हणतेस, आणि ते फारसं चूक नाही. सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी, एवढंच आमचं म्हणणं. सभागृहाचं अधिवेशन जवळ आलं की प्रत्येक विधेयकावर आम्ही एक पान छापतो: पाठिंबा की विरोध, आणि का. यंदा केस कापणाऱ्यांना परवाना सक्तीचा करायचा आहे, त्याला विरोध. घरी भाजलेला पाव विकायला मोकळीक द्यायची आहे, त्याला पाठिंबा. कुत्र्याच्या पट्ट्याची लांबी ठरवणारं एक आहे, त्यावर आमचे सर दोन दिवस हसत होते आणि मग त्यालाही विरोध.

माझ्याकडे आलंय ते काळजी विधेयक. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, काळजीला विरोध कोण करणार. त्यात असं आहे की जवळच्या एका नातेवाइकाने अर्ज केला आणि एका डॉक्टरने सही केली, की मन ठिकाणावर नसलेल्या मोठ्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध उचलून उपचारगृहात ठेवता येईल. मी विरोध लिहिला आहे. सोबत जोडतो.

आता तुझ्याकडे काम असं, की आमच्याकडे सरांनी घालून दिलेला एक नियम आहे. विरोध लिहिणाऱ्याने त्या विरोधामुळे ज्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होईल असं एक माणूस शोधायचं, त्याला आपलं लिखाण पाठवायचं, आणि त्याचं उत्तर विरोधाच्या खाली जसंच्या तसं छापायचं. एक शब्द बदलायचा नाही. उत्तर आलं नाही तर पान निघत नाही. सर म्हणतात, ज्याचं नुकसान होतंय त्याच्या तोंडावर बोलता येत नसेल तर ते मत नव्हे, पाठांतर.

त्यांनी विचारलं, तुझ्याकडे कोण आहे? मी म्हणालो, माझी बहीण. तू काय वाटेल ते लिही. शिव्या दिल्यास तरी छापू.

भाऊजींना नमस्कार.

धाकटा

ता. क. खंड्याला झोप लागत नसे तेव्हा तू काय करायचीस? सहज विचारतोय.


१७ जानेवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. दचकले वगैरे नाही. हल्ली माझा हात आधी चालतो आणि मी मागून येते, त्यामुळे पाकीट फाडून झाल्यावर ते तुझं आहे हे कळलं.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात जाते, काचा घासते. फ्रेमचं माप घ्यायचं, काच यंत्रात धरायची, पाणी सोडायचं, कड घासायची, बसवून बघायची. घाईचं गिऱ्हाईक ओरडतं, मग मालक ओरडतो. दोघांचंही ऐकू येतं, पण लागत नाही. पूर्वी घरी येऊन त्यावर तासभर बोलायचे आणि हे कंटाळायचे. आता हे म्हणतात, काहीतरी बोल. मला बोलायला काही सापडत नाही. वाईट वाटत नाही, आणि वाईट वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

तुझं लिखाण वाचलं. भाषा चांगली आहे, निबंधात तू पहिल्यापासून पुढे होतास. 'सज्ञान' हा शब्द तुला फार आवडतो असं दिसतं. ज्याने गुन्हा केलेला नाही अशा सज्ञान माणसाला त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा कोंडता येणार नाही, असं तू लिहिलंस. आमच्या सज्ञानाने भिंतीतली सगळी बटणं उचकटून काढली होती, कारण ती आपापसात बोलतात. तारा उघड्या. आम्ही आठवडाभर मेणबत्ती लावून जेवलो. त्याने कधी कुणाला बोट लावलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. आम्ही भाजू म्हणून मेणबत्तीसुद्धा तोच विझवायचा, आणि मग सगळे अंधारात बसायचो.

आणि मग एक दिवस कडाक्याच्या थंडीत पायात काही न घालता निघून गेला. पोलीस ठाण्यातला माणूस चांगला होता, त्याने मला खुर्ची दिली. म्हणाला, बाई, मुलगा सज्ञान आहे, आपणहून गेलाय, आम्ही काय करणार. तुझाच शब्द. तो तुमचं पान वाचत असेल.

मला हा कायदा हवा आहे. का ते सांगते. मी त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावायचे, हे तुला नवीन नाही. तू आला होतास तेव्हा मी चहा ओतत होते, तो आतून दार वाजवत होता, आणि तू माझ्याकडे साखर मागितलीस. एवढं सगळं वाजत असताना साखर. मी तुला दोष देत नाही, मीही दिलीच. पण त्या दारावर हात आपटताना तो माझं नाव घ्यायचा. त्यापेक्षा कडी सरकारने लावावी. राग यायचा तो त्याला सरकारचा येऊ दे. मला डबा घेऊन भेटायला जाणारी आई होऊ दे.

तुझा विरोध मागे घे. एवढंच माझं उत्तर, आणि हे तुला आहे, छापायला नाही.

झोपेचं विचारलंस. त्याला न कळणाऱ्या भाषेतल्या बातम्या रेडिओवर लावायचे, आवाज अगदी बारीक. कळणारी भाषा असली की तो ऐकत बसे. लेखात घालायचं असेल तर घालू नकोस.

ताई


२२ जानेवारी

ताई,

साखर मागितली हे खरं आहे.

विरोध मागे घेणं माझ्या हातात नाही, आणि हातात असतं तरी घेतला नसता. तू तुझ्या एका दाराचं बोलतेस. हा कायदा प्रत्येक दाराला बाहेरून कडी बसवतो आणि नातेवाइकांना किल्ली देतो. अर्ज करणारी प्रत्येक बाई तू नसशील. वाटणीत आडवा येणाऱ्या भावाला आत टाकणारे निघतील. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मुलीला वेडी ठरवणारे निघतील. डॉक्टर एक पुरे, आणि एक डॉक्टर कुठेही मिळतो. महिनाभर ठेवायचं म्हणतात, पण पुढे वाढवता येईल असंही लिहिलंय, आणि कितीदा ते कुठेच लिहिलेलं नाही. मी सगळी कलमं तीनदा चाळली.

लिहिण्याआधी एक उपचारगृह पाहून आलो. खोल्या स्वच्छ आहेत. खिडक्या इतक्या वर की टाचा उंचावूनही बाहेरचं दिसत नाही. जेवण झालं की चमचे मोजून परत घेतात. एक माणूस मला पाहुणा समजून म्हणाला, तुम्हाला जायच्या वेळी बेल वाजवावी लागेल, आम्हाला वाजवता येत नाही. तो हसून म्हणाला, म्हणून मीही हसलो.

सरांना विचारलं, दुसरं कुणी शोधू का. ते म्हणाले, एकदा ज्याला पाठवलं तोच. नाहीतर सोयीचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही माणसं बदलत बसाल. तेव्हा तूच. सभागृहात मतं अगदी काठावर आहेत, आणि दहाबारा जण आमचं पान पाहून हात वर करतात. पान निघालं तर विधेयक पडेल असं सगळ्यांना वाटतं. निघालं नाही तर ते पास होईल.

खंड्या सुखरूप असेल असं मला वाटतं. तू रोज वाईटच धरून चालू नकोस. आणि रेडिओचा उपाय लागू पडतो, आभारी आहे.

धाकटा


३० जानेवारी

धाकट्या,

रेडिओचा उपाय लागू पडतो म्हणतोस, म्हणजे तुझीही झोप उडालेली दिसते. ऐकून बरं वाटलं. इतरांच्या मुलांवर मतं लिहायची आणि वर गाढ झोपायचं, हे जरा जास्तच झालं असतं.

तो सुखरूप असेल असं तुला वाटतं. मला असं काही वाटत नाही, तसंही वाटत नाही. दुकानाच्या काचेतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात. मी पाय बघते. कुणी अनवाणी दिसला तर बाहेर जाऊन तोंड बघून येते, आणि परत येऊन उरलेली काच घासते. मालकाने पहिल्यांदा विचारलं, काय झालं. आता विचारत नाही.

तू सगळं नीट समजावून लिहिलंस ते बरं केलंस. उत्तर आलं नाही तर पान निघत नाही. पान निघालं नाही तर विधेयक पास होतं. आणि माझ्याऐवजी दुसरं कुणी चालत नाही. मग मी उत्तर देत नाही. एवढी सोपी गोष्ट मला आयुष्यात कुणी करायला सांगितली नव्हती.

तुझ्या सरांना सांग, त्यांचा नियम चांगला आहे.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही. चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. आता सरळ लिहितो.

खंड्या जिवंत आहे. या शहरात आहे. तुझ्याकडून निघाला त्याच आठवड्यात तो कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. पाय फाटलेले होते, ते आता बरे आहेत. आत यायच्या आधी म्हणाला, मामा, आईला कळवलंस तर उद्या मी इथे नसेन. मी शब्द दिला. त्याला एक खोली बघून दिली, ओळखीने काम लावून दिलं, आणि तुला ताकास तूर लागू दिली नाही. तू फोनवर "आटप" म्हणायचीस तेव्हा तोंडाशी यायचं आणि मी गिळायचो.

सज्ञान आहे, त्याचा निर्णय आहे, असं मी स्वतःला सांगत होतो. ते मला आजही खरं वाटतं. पण तू अनवाणी माणसांची तोंडं बघत फिरतेस हे वाचल्यावर मला ते वाक्य मनात म्हणता येईना. त्यात भीतीही होती, हे कबूल करतो. तो नाहीसा झाला तर तुला काय तोंड दाखवू, ही.

सगळे दिवस चांगले नसतात. मधे एक आठवडा तो झोपला नाही, तेव्हाच तुला विचारलं होतं. गोळ्या कधी घेतो, कधी घेत नाही. मी विचारतो, जबरदस्ती करत नाही. बरोबर करतो की चूक, मला कळत नाही.

तू उत्तर देणार नाहीस हे मी त्याला सांगितलं. त्याने कागद मागितला. सोबतचं पाकीट त्याने स्वतः चिकटवलंय, मी वाचलेलं नाही. ते तुझ्या हातात पडलं की तुझ्याकडे काय असेल, याची कल्पना मला आहे. मी त्याला नको म्हणालो होतो. त्याने ऐकलं नाही.

रागावलीस तर समजू शकतो.

धाकटा


[आतलं पाकीट]

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसरा मजला, मागच्या जिन्याने

आई,

वर पत्ता लिहिला आहे. मामा म्हणत होता लिहू नकोस. पण पत्र लिहायचं आणि पत्ता द्यायचा नाही, हे मला चोरासारखं वाटलं. दुकानाचा मालक सकाळी हवा भरायचा पंप सुरू करतो, तेव्हा मी उठतो. उठतो म्हणजे झोपलो असलो तर.

मी धुलाईच्या कारखान्यात आहे. दवाखान्यांच्या चादरी येतात. एक टोक मी धरतो, समोर एक बाई असते ती दुसरं धरते, आणि आम्ही एकमेकांकडे चालत येतो, घडी होते, परत मागे जातो. दिवसभर हेच. ती फार बोलत नाही आणि मीही नाही. माझ्याशी तिचं छान जमतं. तुला हसू येईल, मला दवाखान्यात घालायला निघालेत आणि मी त्यांच्याच चादरींच्या घड्या करतोय.

कधी कधी वाईट दिवस असतात. तेव्हा मी कामावर जात नाही आणि बाई टोक खुर्चीला बांधून घडी घालते. मला परत घेतात. गोळीने डोकं शांत होतं पण हात माझे वाटत नाहीत. कधी मला हात हवे असतात, कधी डोकं. ते मी ठरवतो.

तू कायदा झाल्यावर अर्ज करशील हे मला माहीत आहे. मी त्याबद्दल रागावलेलो नाही. पण कायदा झाला तर मी कुठे राहतो हे मला कुणालाही सांगता येणार नाही, तुला तर नाहीच. मग मी मामालाही न सांगता जाईन. मला ते नको आहे. चादरीवाली बाई मला आवडते आणि जिनाही चांगला आहे.

मामाच्या कचेरीची गंमत अशी की माझ्या बाजूचं काही छापायचं तर आधी माझ्याविरुद्ध तू लिहायला हवंस. मग लिही. काहीही लिही. वेडा लिही, बटणांचं लिही, मेणबत्तीचं लिही. मला त्यातलं काही लागणार नाही. पण लिही.

बाबांना सांगायचं की नाही ते तू बघ.

खंड्या


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्रं मिळाली. मला रडू आलं नाही. दुकानातच खुर्चीत बसून दोन्ही वाचली, घडी करून पिशवीत ठेवली आणि यंत्र सुरू केलं. मग काच घासत गेले, घासत गेले. बसवायला गेले तर फ्रेममधून खाली पडली, इतकी लहान झाली होती. मालकाने दुसरी काच काढून दिली.

तुझ्यावर रागवायला हवं हे मला कळतं. तू मला इतके दिवस झुलवत ठेवलंस. पण राग शोधला आणि सापडला नाही. पाय बरे आहेत, हेच वाक्य परत परत वाचलं.

यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे त्या मागच्या जिन्याखाली जाऊन उभे राहतील, आणि तो वरून बघेल.

मग मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको. मी डॉक्टरकडे गेले, खंड्याला लहानपणापासून बघणाऱ्या. विचारलं, कायदा झाला तर तुम्ही सही कराल का? ते म्हणाले, करीन. मी घरी आले. पत्ता माझ्याकडे, सही माझ्याकडे. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला जमतं, हल्ली मी दुसरं काही करत नाही. मी आठवडाभर गप्प बसले. त्यात त्याचं पत्र इतक्या वेळा वाचलं की आता पाठ आहे. तो म्हणतो, जिना चांगला आहे. त्याला काही चांगलं वाटतं हे त्याने मला सांगून किती वर्षं झाली, मला आठवेना.

काल रात्री जेवताना हे म्हणाले, काहीतरी बोल. मी म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. ते इतके खूश झाले की मला उठून आत जावं लागलं.

छापायचं ते खाली लिहिते. यातला एक शब्द बदलायचा नाही, नियम तुमचाच आहे.

"या विरोधामुळे माझं नुकसान होतं. मी एका सव्वीस वर्षांच्या मुलाची आई आहे. तो आजारी आहे. त्याने कुणाला कधी इजा केली नाही. तो थंडीत अनवाणी निघून गेला आणि मला कुणी मदत केली नाही, कारण तो सज्ञान होता. हा कायदा मला हवा आहे. विरोध लिहिणारा माझा भाऊ आहे, तो खोटं बोलत नाही, पण रात्री दार वाजताना घरात तो नसतो, मी असते. कायदा झाला तर पहिला अर्ज माझा असेल. डॉक्टर तयार आहेत. माझ्या मुलाने मला आपला पत्ता विश्वासाने दिला आहे, आणि मी तो अर्जात लिहीन. मी स्वतःला ओळखते, मी थांबणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी असतील. काय करायचं ते सभागृहाने हे वाचून ठरवावं."

हे छापायला देण्याआधी खंड्याला वाचून दाखव. घाई करू नकोस, तो मधेच उठून गेला तर परत येईपर्यंत थांब, आणि शेवटपर्यंत वाच. मी पत्त्याबद्दल काय लिहिलंय ते त्याला नीट कळलं पाहिजे. मग त्याला दुसरी खोली बघायची असेल तर बघून दे, चादरीच्या कारखान्याजवळच कुठेतरी.

नवा पत्ता मला कळवू नकोस. मी विचारीन, फोन करीन, कदाचित तुझ्या दारात येऊन बसेन. तरी सांगू नकोस.

ताई